सौर विद्युतघटातला 'घट'

सोलापुरात विजापूर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या गच्चीवर नुकतंच सोलर बसलं. बसवायला आलेली मुलं त्याला 'प्लेटा' म्हणत होती. मुलाच्या शाळेच्या पुस्तकात 'सौर विद्युत घट' असा शब्द आहे. सासूबाई भजनी मंडळात जातात आणि त्यांच्या लेखी घट म्हणजे देह. ताई विचारतात, "सपाट काचेला घट कसं म्हणायचं? इंग्रजी 'सेल'ला प्रतिशब्द हवा म्हणून कुणीतरी ओढूनताणून केलाय का हा? आणि सासूबाईंच्या घटाशी त्याचं काही नातं आहे का?"

ताई, शब्द ओढूनताणून केलेला मुळीच नाही. माझ्या मते विज्ञानाच्या मराठीतल्या फार नेमक्या शब्दांपैकी तो एक आहे.

आधी एक छोटी दुरुस्ती. अख्खं पॅनेल म्हणजे घट नव्हे. काचेखाली ज्या गडद चौकटी दिसतात, त्यातली एकेक चौकट म्हणजे एक घट. एका घटातून साधारण अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून असे पुष्कळ घट एकापुढे एक जोडून पॅनेल होतं.

आता मडक्याकडे येऊ. 1836 मध्ये जॉन फ्रेडरिक डॅनिअल यांनी जो विद्युतघट केला, त्याच्या रूढ झालेल्या रचनेत खरोखरच मातीचं भांडं होतं. बाहेर तांब्याचं पात्र, त्यात मोरचुदाचं द्रावण. त्या द्रावणात झिलई न दिलेलं मातीचं भांडं उभं केलेलं, आणि त्या भांड्यात आम्ल व जस्ताची कांडी. झिलई मुद्दाम दिलेली नव्हती. दोन्ही द्रावणं एकदम मिसळू नयेत, पण विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, मातीच्या छिद्रांतून ये-जा करू शकावेत, ही त्यातली युक्ती. कुंभार वेशीतून आणलेला नवा माठ वैशाखात कसा पाझरतो आणि त्या पाझरण्यानेच पाणी कसं गार होतं, ते सोलापुरात कुणाला सांगायला नको. मातीचा तोच गुण इथे वीज मिळवायला कामी आला. पुढे 1866 मध्ये लेक्लांशे या फ्रेंच संशोधकाने केलेल्या घटातही सच्छिद्र मातीचं पात्र होतंच. ज्या गावात दर संक्रांतीच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, तिथे तरी हा शब्द परका वाटू नये.

सौरघटाची सुरुवातही पात्रातूनच झाली. 1839 मध्ये एडमंड बेकरेल या एकोणीस वर्षांच्या मुलाने आम्लाच्या द्रावणात धातूचे दोन पत्रे बुडवून त्यांवर उजेड पाडला, आणि वीज निर्माण झाल्याचं त्याला दिसलं. 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौरघट तयार झाला. त्यात ना द्रावण होतं ना पात्र, नाव मात्र राहिलं. आपल्याकडे हे नवीन नाही. मनगटावरच्या घड्याळात पाण्याचा थेंब नसतो, तरी 'घडी' हा शब्द 'घटी'पासून आलेला आहे. ती घटी म्हणजे लग्नमुहूर्ताला घंगाळातल्या पाण्यात सोडायचं, हळूहळू भरून वेळ दाखवणारं घटिकापात्र.

आता सासूबाईंचा घट. कीर्तनात घटाकाशाचा दृष्टान्त येतो. अद्वैत वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांच्या मांडूक्यकारिकेत तो विस्ताराने आहे. मडक्यातलं आकाश आणि बाहेरचं आकाश वेगळं भासतं. मडकं फुटलं की आतलं आकाश कुठे जात नाही, कारण ते वेगळं कधी नव्हतंच. आत्म्याचं तसं, देह हा घट.

दृष्टान्त सुंदर आहे, पण तो उचलून बॅटरीला लावू नये. अलीकडे भाषणांत हे फार ऐकू येतं : आत्मा म्हणजे ऊर्जा, ऊर्जेचा नाश होत नाही, म्हणून आत्मा अमर. मला हे दोन्ही शब्दांवर अन्याय करणारं वाटतं. विज्ञानातली ऊर्जा ज्यूलमध्ये मोजता येते, आणि मोजता येते म्हणूनच तिच्या अक्षय्यतेचा नियम सांगता येतो. वेदान्ताचं चैतन्य मोजायची वस्तूच नाही, उलट मोजणारा त्याच्यामुळे जाणता होतो असं ते शास्त्र सांगतं. शिवाय दोन्ही घटांचं काम उलट आहे. दृष्टान्तातला घट आकाशात कसलीच भर घालत नाही. सौरघटात मात्र घटाच्या रचनेवरच सगळं अवलंबून असतं. ती रचना नसेल तर ऊन नुसतं गच्ची तापवतं. आणि 'बॅटरी उतरली' तरी आतून काही सांडलेलं नसतं. लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेले असतात, इतकंच.

मग नातं नाहीच का? आहे, पण दुसरीकडे. इंग्रजीत सजीवाचाही 'सेल' आणि विजेचाही 'सेल', मूळ अर्थ लहानशी खोली. मराठीने हे दोन अर्थ वेगळे केले. सजीवाची ती पेशी, विजेचा तो घट. संतांनी जिवंत देहाला घट म्हटलं होतं, पाठ्यपुस्तकाने तो शब्द निर्जीवाला दिला. पण मेंदूतली चेतापेशी पाहा. तिच्या पातळ आवरणाच्या आतबाहेर सोडियम-पोटॅशियमचे आयन असतात आणि पेशी शांत असताना दोन्ही बाजूंत सुमारे 70 मिलिव्होल्टचा फरक असतो. आवरणातली दारं उघडतात, आयन पार होतात, संदेश पुढे सरकतो. डॅनिअलच्या मातीच्या भिंतीतून जे होत होतं, त्याच्याशी याचं जवळचं साम्य आहे. ही भिंत मात्र कोणाला कधी सोडायचं ते ठरवते. आपण 'मी' म्हणतो त्या क्षणी असे असंख्य घट आत चालू असतात. 'मी' म्हणजे तेवढंच का, याचा निवाडा शब्दकोश करू शकत नाही. पण देहाला घट म्हणणाऱ्या सासूबाई या बाबतीत पुस्तकापासून फार दूर नाहीत.

लिहिताना एक काळजी घ्या. 'तो घट' म्हणजे मडकं किंवा सेल, 'ती घट' म्हणजे कमी होणं. 'सौर विद्युत घट' असं सुटं छापलं की सौर वीज घटली असंही वाचता येतं. म्हणून 'विद्युतघट' जोडूनच लिहावं. बोलताना प्लेट म्हणा, पॅनेल म्हणा, काही बिघडत नाही. आणि सोलर बसल्यावर बिलातले युनिट कमी होतील, ती घट स्त्रीलिंगी.