ख्रिस्ती माणसाने मत देताना विश्वासातल्याच उमेदवाराला निवडावं, असं बायबल सांगतं का?

नाही. पवित्र शास्त्रात असं कुठेही लिहिलेलं नाही.

तुम्ही ऐरोलीला नव्याने राहायला आलात. तिथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आपल्या विश्वासातल्या माणसालाच मत द्या, नाहीतर देवाची अवकृपा होईल’ असा मेसेज फिरतोय आणि तो वाचून तुमची झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंय. झोप उडू देऊ नका. हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2017 ची ठाणे महापालिकेची निवडणूक. आम्ही वर्तकनगरचे, मूळचे नगर जिल्ह्यातले, मराठी मंडळीत जाणारे. प्रभाग चार सदस्यांचा होता, म्हणजे प्रत्येकाने चार मतं द्यायची. त्यातल्या एका जागेवर एक ख्रिस्ती गृहस्थ उभे होते. रविवारी उपासनेत सूचना वाचून झाल्या आणि त्यांना ‘साक्ष’ द्यायला पुढे बोलावलं. साक्ष कसली, प्रचारच तो. दफनभूमीची भिंत पडलीय, कुत्री आत शिरतात, पावसाळ्यात नाल्याचं पाणी कबरींवर चढतं, हे कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ‘मी तुमचाच माणूस, तुमच्या रक्तामांसाचा. भिंत मी बांधून देतो,’ म्हणाले. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्या दफनभूमीत प्रत्येकीचं कुणी ना कुणी आहे.

आठवडा उलटला नाही तोच टेम्पो आला. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात उमेदवाराचं नाव. माझे मोठे भाऊजी तेव्हा पंचांमध्ये होते. त्यांनी स्वतः उभं राहून खुर्च्या उतरवून घेतल्या. मी महिला मंडळाची चिटणीस. मी विचारलं, ‘भाऊजी, आचारसंहिता लागलीय. हे वहीत कशाखाली लिहायचं?’ म्हणाले, ‘दान म्हणून लिही.’ मी लिहिलं नाही.

त्या उमेदवाराचं निवडणूक अर्जासोबतचं शपथपत्र मी तोवर वाचून काढलं होतं. फसवणुकीचा गुन्हा दाखल होता, खटला चालू होता. मंडळीच्या बैठकीत मी ते सांगितलं तर भाऊजी भडकले. ‘आपल्याच माणसाचं उणं चारचौघांत काढतेस? विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊ नका, असं प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात लिहिलंय, ते विसरलीस?’

मी बायबल उघडलं आणि त्यातल्या शास्ते या पुस्तकाचा नववा अध्याय उभी राहून मोठ्याने वाचला. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, तरी सांगते. गिदोनाचा मुलगा अबीमलेख शखेमच्या लोकांकडे जातो आणि म्हणतो, मी तुमच्याच हाडामांसाचा आहे. लोक म्हणतात, हा तर आपला भाऊ. देवळातून सत्तर रुपये काढून ते त्याच्या हातावर ठेवतात. त्या पैशांवर तो रिकामटेकडे गुंड पोसतो, स्वतःच्या भावांची कत्तल करतो आणि राजा होतो. वाचलेला एकटा योथाम गरिज्जीम डोंगरावरून ओरडून सांगतो की जैतून, अंजीर, द्राक्षवेल, कुणीच राजा व्हायला तयार झालं नाही, म्हणून झाडांनी काटेरी झुडपाला राजा केलं. पुढे ज्यांनी ‘आपला भाऊ’ म्हणून त्याला निवडलं, त्याच शखेमकरांना अबीमलेख बुरुजात कोंडून जाळतो. शेवटी एक बाई वरून जात्याची तळी टाकते, तेव्हा त्याचा कारभार आटोपतो.

‘तुमचाच माणूस’ या प्रचाराबद्दल पवित्र शास्त्राला जे म्हणायचंय ते इतकं स्पष्ट आहे. करिंथकरांच्या पत्रातलं वचन मंडळीच्या शुद्धतेबद्दल आहे. नाला कोण साफ करेल हे पौलाने त्यात ठरवलेलं नाही. कोरेश तर पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा, यहुदी नव्हे. तरी यशयाच्या 45 व्या अध्यायात परमेश्वर त्याला आपला अभिषिक्त म्हणतो, आणि यरुशलेमचं मंदिर पुन्हा बांधायची परवानगी त्यानेच दिली.

मग माणूस निवडायचा कशावर? बायबलमधलं निर्गम 18:21. इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला सांगतो की कर्तबगार, देवाला भिणारे, खरे बोलणारे आणि लाचेची चीड असणारे लोक नेम. देवाचं भय त्यात आहे, हे भाऊजींचं म्हणणं खरं. पण भय आहे की नाही ते कळायचं कसं? मी लाचेपासून सुरुवात करते, कारण ती डोळ्यांना दिसते. आमच्याकडे तर ती टेम्पोतून आली होती.

भाऊजींचा एक मुद्दा मात्र खरोखर दुखरा आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आमच्याच भावकीत जे बौद्ध झाले त्यांच्या मुलांना केंद्राचा दाखला मिळतो, आमच्या मुलांना मिळत नाही. आपले पणजोबा एकाच गावकुसाबाहेरचे. ‘आपला माणूस तिथे बसल्याशिवाय हे सुटणार नाही,’ भाऊजी म्हणतात. पण हा दर्जा धर्मापासून वेगळा करा, अशी शिफारस 2007 च्या अहवालात करणारे न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा ख्रिस्ती नव्हते. आणि 1967 मध्ये दक्षिण मुंबईत ख्रिस्ती घरातल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलं, ते काय ख्रिस्ती मतांवर? सगळ्यांनी धर्म बघून शिक्के मारले असते तर फर्नांडिस कधीच निवडून आले नसते. आपण मूठभर. धर्मावर मतं पडायला लागली की सगळ्यात आधी आपणच मागे पडतो. हे भाऊजींना आजवर पटलेलं नाही.

तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजबद्दल. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 123. उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी, देवाच्या अवकृपेची भीती घालणं हा भ्रष्टाचार ठरतो. धर्माच्या नावाने मत मागणं हाही भ्रष्टाचारच, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 2 जानेवारी 2017 ला बहुमताने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढला तरी चालत नाही. (हा कायदा लोकसभा-विधानसभेचा आहे. महापालिकेचे नियम वेगळ्या कायद्यात आहेत.) ग्रुपवर भांडू नका. पाळकांना एकटं गाठून हे कलम दाखवा. बहुतेकांना हे ठाऊक नसतं.

कुठल्या पक्षाला द्यावं हेही तुम्ही विचारलंय, ते मी सांगणार नाही. उमेदवाराचं शपथपत्र वाचा. आणि विश्वासातला उमेदवार खरंच लायक असेल तर त्याला जरूर द्या, त्यात काही गैर नाही. माझा राग मुद्दामहून धर्म पुढे करणाऱ्यावर आहे. तुम्ही कॅथलिक असाल तर फादर स्वतः सत्तेच्या पदावर बसू शकत नाहीत, चर्चचा नियमच तसा आहे. मत कुणाला द्यायचं हे तुमच्या सद्सद्विवेकावर आहे.

आमचे ते गृहस्थ पडले. भाऊजी म्हणतात, तुझ्यामुळे. आमची सगळी मंडळी एक झाली असती तरी निकाल बदलला नसता, इतक्या मतांनी पडले. खुर्च्या परत गेल्या नाहीत. ईस्टरला नावांवर खाकी चिकटपट्टी लावली, ती उन्हाने सुटली आणि निम्मं नाव पुन्हा दिसायला लागलं. भिंतीसाठी महिला मंडळाने प्रभाग समितीत अर्ज दिलाय, फोटोंसकट, सगळ्या बायकांच्या सह्यांनिशी. पोच माझ्याकडे आहे. आता मत मागायला जो कोणी दारात येतो, कुठल्याही धर्माचा असो, त्याला मी आधी ती दाखवते आणि भिंत कधी बांधणार ते तारखेसकट लिहून मागते.