'वाहिनी' कुठली? वाहणारी की वाहून नेणारी?

प्रश्न असा आहे: "ब्रिटनमधल्या टीव्हीच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. सुरुवातीच्या डिजिटल प्रक्षेपणाबद्दल मी लिहिलं, 'भूस्थित डिजिटल दूरचित्रवाणीची वाहिनी क्षमता मर्यादित होती.' संपादकांनी 'वाहिनी क्षमता'भोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि समासात लिहिलं, 'म्हणजे काय?' पुढे 'मल्टिप्लेक्स' आलंय, त्याच्यावरही प्रश्नचिन्ह. काय लिहू?"

गोल अगदी बरोबर जागी पडलाय. पण ताई, यात तुमची चूक निम्मीच आहे. उरलेली निम्मी 'वाहिनी' या शब्दाची, आणि खरं तर त्याच्या मुळाशी असलेल्या 'वाहणे' या क्रियापदाची.

'वाहणे'कडे जरा नीट बघा. नदी वाहते. हमाल ओझं वाहतो. पहिल्या वाक्यात जे वाहतं तेच पुढे जातं, दुसऱ्यात एक जण दुसऱ्याला पुढे नेतो. (देवाला फुलं वाहतात ते आणखी निराळं, ते सध्या बाजूला ठेवू.) संस्कृतातल्या 'वह्' धातूतच ही दोन्ही कामं आहेत आणि 'वाहिनी'नं ती दोन्ही उचलली. एखाद्या तीर्थक्षेत्री 'नदी इथे उत्तरवाहिनी होते' असं सांगतात, तिथे वाहिनी म्हणजे स्वतः वाहणारी. जलवाहिनी, रक्तवाहिनी, वीजवाहिनी यांतली वाहिनी मात्र जागची हलत नाही, ती दुसऱ्याला वाहून नेते. संस्कृतात वाहिनी सैन्याचीही असते, आणि तिचा हिशोब ठरलेला: ८१ हत्ती, ८१ रथ, २४३ घोडे, ४०५ पायदळ. वाहिनीची क्षमता एवढी नेमकी पुन्हा कुणी सांगितली असेल असं वाटत नाही.

मग टीव्हीवरची वाहिनी कोणती? वाहणारी की वाहून नेणारी?

जुन्या टीव्हीला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. ज्यांच्या घरी लाकडी कपाटातला, सरकत्या दाराचा टीव्ही होता त्यांना तो गोल खटका आठवत असेल. त्याच्यावर आकडे कोरलेले, फिरवला की कट्‌ कट्‌ आवाज यायचा. त्यातल्या एका आकड्यावर, फार तर दोन आकड्यांवर चित्र दिसायचं, बाकी सगळीकडे मुंग्या. खटक्यावरचा प्रत्येक आकडा म्हणजे हवेतला वारंवारतेचा एक पट्टा. एका पट्ट्यातून एकच कार्यक्रम यायचा. ॲनालॉग पद्धतीत एका कार्यक्रमाला अख्खा पट्टा लागतो, ब्रिटनमध्ये तो ८ मेगाहर्ट्झचा होता. म्हणजे नळ एक आणि पाणीही एकच. दोघांना मिळून 'चॅनेल' म्हटलं काय, 'वाहिनी' म्हटलं काय, कुणाचं काही अडत नव्हतं.

डिजिटलनं ही जोडी फोडली. त्याच ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून आकड्यांचा एक प्रवाह जाऊ लागला आणि त्या प्रवाहात पाच-सहा कार्यक्रम एकत्र बसू लागले. आता नळ एक आणि पाणी सहा तऱ्हांचं. इंग्रजीत दोन्हीला चॅनेलच म्हणत राहिले, म्हणून तुमच्या मूळ वाक्यातही तो शब्द कुठल्या अर्थानं आलाय ते आधी ठरवावं लागेल. ते न ठरवता 'वाहिनी क्षमता' लिहिलं की मराठी वाचक आणखी तिसरीकडेच जातो. त्याला वाटतं की एखाद्या वाहिनीची, म्हणजे त्या कंपनीची, काहीतरी कुवत कमी पडली. पैसे नव्हते, माणसं नव्हती, असं काहीतरी.

भर म्हणून तांत्रिक भाषेत 'चॅनेलची क्षमता' ही स्वतंत्र संज्ञाही आहे. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणितानं दाखवलं की कुठल्याही मार्गावरून बिनचूक किती माहिती पाठवता येईल याला एक कमाल मर्यादा असते, आणि ती पट्ट्याची रुंदी व गोंगाटाचं प्रमाण यांवर ठरते. त्या अर्थासाठी मराठीत उत्तम शब्द तयार आहे: वहनक्षमता. पुलाची वहनक्षमता, कालव्याची वहनक्षमता असं आपण रोज वाचतो. पट्ट्याबद्दल बोलायचं असेल तर बेलाशक 'वहनक्षमता' लिहा. संपादक गोल काढणार नाहीत.

पण तुमचा लेख बहुधा दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतोय: वाहिन्या दाखवायच्या होत्या पुष्कळ आणि जागा होती थोडी. त्यासाठी मराठीत नाम शोधत बसूच नका. क्रियापद घ्या. मावणे. 'त्यात थोड्याच वाहिन्या मावत होत्या.' डब्यात पोळ्या मावतात, ट्रंकेत कपडे मावतात, आणि मावत नसेल तेव्हा काय करायचं हे मराठी माणसाला उपजत ठाऊक असतं: चेपायचं, घडी घालायची, काहीतरी मागे ठेवायचं. ब्रिटनमध्ये हे तिन्ही उपाय झाले, म्हणून हा शब्द तिथे मापानं शिवल्यासारखा बसतो.

थोडा तपशील सांगतो, शब्द निवडायला उपयोगी पडेल. गच्चीवरच्या अँटेनावर दिसणारं डिजिटल प्रक्षेपण ब्रिटनमध्ये १५ नोव्हेंबर १९९८ ला सुरू झालं. त्याला मिळाले सहा पट्टे, म्हणजे सहा मल्टिप्लेक्स (एका पट्ट्यातून जाणाऱ्या कार्यक्रमांचा गठ्ठा तो एक मल्टिप्लेक्स, शब्दाबद्दल पुढे बोलू). जुनं ॲनालॉग प्रक्षेपण त्याच मनोऱ्यांवरून चालूच होतं आणि त्याला धक्का लावायचा नव्हता. त्यामुळे डिजिटलला मधल्या फटींत, कमी ताकदीनं बसावं लागलं. गर्दीच्या लोकलमध्ये 'जरा सरका' म्हणत चौथी सीट मिळवतात, तशी.

एका मल्टिप्लेक्समधून सेकंदाला साधारण २४ मेगाबिट जात (बिट म्हणजे ० किंवा १ हा एक आकडा, मेगाबिट म्हणजे असे दहा लाख). चित्र कमी आकड्यांत बसवण्याच्या त्या काळच्या एमपेग-२ पद्धतीत बऱ्यापैकी चित्राला चारेक मेगाबिट लागत, म्हणजे झाले सहा कार्यक्रम. पण कमी ताकदीमुळे अनेक घरांत चित्र फुटायचं, चौकोन चौकोन दिसायचे, आवाज तुटायचा. पैसे घेऊन वाहिन्या दाखवणारी तिथली सेवा १ मे २००२ ला बंद पडली. कारणं इतरही होती, फुटबॉलच्या हक्कांसाठी मोजलेले अवाढव्य पैसे हे त्यांतलं मोठं. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला फ्रीव्ह्यू ही फुकट सेवा आली आणि सहापैकी चार मल्टिप्लेक्सची रचना बदलली. वहन २४ वरून १८ मेगाबिटवर आलं. म्हणजे मुळात जागा कमी, त्यात आपणहून आणखी कमी केली!

असं का केलं ते सांगायला रांगोळी घ्या, ठिपक्यांची. उंबऱ्यापुढच्या एकाच फरशीवर आठ बाय आठ ठिपके काढले तर ६४ होतात, चार बाय चार काढले तर १६. प्रक्षेपण करणारा दर खेपेला यांतल्या एका ठिपक्यावर बोट ठेवतो आणि घरातला टीव्हीला जोडलेला डबा (सेट-टॉप बॉक्स) ओळखतो की बोट कुठल्या ठिपक्यावर होतं. ६४ ठिपक्यांत एका खेपेला ६ बिट सांगून होतात, १६ मध्ये ४ च. पण वारा सुटला, कुणाचा पदर लागला, रांगोळी जरा विस्कटली, तर दाटीवाटीनं काढलेले ठिपके एकमेकांत मिसळतात. ऐसपैस काढलेले ओळखू येतात. २००२ मध्ये त्या चार मल्टिप्लेक्सनी ६४ ठिपके सोडून १६ धरले. कमी मावेल, पण पोचेल. (एका खेपेचे बिट दोन तृतीयांश झाले तरी वहन १८ राहिलं, कारण चुका दुरुस्त करण्यासाठी पाठवायचा जादाचा भागही त्याच वेळी थोडा कमी केला. हे तुमच्या लेखात नसलं तरी चालेल.)

आता 'चेपणे' कसं दिसतं ते पाहा. ब्रिटिश संसदेचं कामकाज दाखवणारी बीबीसी पार्लमेंट ही वाहिनी अँटेनावाल्यांना सुरुवातीला फक्त ऐकू यायची. टीव्हीवर, आणि चित्र नाही! फ्रीव्ह्यू आल्यावर चित्र आलं, पण पडद्याच्या चौथ्या हिश्शाएवढं. खासदार बोलतोय एका छोट्या चौकटीत आणि बाकीच्या पडद्यावर मजकूर. लहान चित्राला बिट कमी लागतात, एवढंच त्यामागचं कारण. २००६ मध्ये तिला पूर्ण पडदा मिळाला. या चार वर्षांच्या अवस्थेला 'वाहिनी क्षमता मर्यादित' म्हणायचं? 'पूर्ण चित्र मावत नव्हतं' म्हणा, वाचकाला ती चौकट दिसते.

आणि आणखी एक उपाय, 'आळीपाळी'. लहान मुलांची सीबीबीसी दिवसभर चालायची आणि संध्याकाळी सातला थांबायची, कारण सात वाजता त्याच जागेत बीबीसी थ्री सुरू व्हायची. त्याहून लहानांची सीबीबीज आणि मोठ्यांची बीबीसी फोर यांचंही तसंच. रिमोटवर दोघींचे आकडे वेगळे, नावं वेगळी, पण मल्टिप्लेक्समध्ये खोली एकच. गिरणगावात एका खोलीत गाळेकरी राहायचे तेव्हा रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन पडायचा त्या जागेवरून दिवसपाळीवाला नुकताच उठून गेलेला असायचा. बीबीसी थ्री ही रात्रपाळीची वाहिनी. इंग्रजीत यासाठी 'वेळेची वाटणी' अशा अर्थाचा शब्द वापरतात. तुमच्या मजकुरात तो आलाच तर शब्दशः उतरवू नका, 'पाळी' वापरा. 'या दोन वाहिन्या पाळीपाळीनं एकच जागा वापरत' हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

आता मल्टिप्लेक्स. मराठी वाचकाला मल्टिप्लेक्स म्हटलं की पॉपकॉर्नचा वास येतो आणि खिशाची आठवण होते. पण शब्द सिनेमापेक्षा जुना आहे. तारयंत्राच्या काळात एका तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठवण्याच्या युक्त्यांना ही 'प्लेक्स'वाली नावं पडली. एडिसननं १८७४ मध्ये एका तारेवरून चार संदेश नेले, ते क्वाड्रुप्लेक्स. लॅटिनमध्ये या 'प्लेक्स'चा अर्थ घडी किंवा पदर. आपल्याकडचा 'पेड' आठवतो, तिपेडी वेणीतला. आणि गंमत म्हणजे डिजिटल मल्टिप्लेक्समध्ये खरोखर वेणीच घातलेली असते: या कार्यक्रमाचा एक तुकडा, मग त्याचा, मग तिसऱ्याचा, असे तुकडे एकाआड एक गुंफलेले, आणि घरातला डबा त्यातला आपल्याला हवा तेवढा पेड सोडवून घेतो. शिवाय पेड सारखे जाड असतीलच असं नाही. बातम्या वाचणारी बाई स्थिर बसलेली असेल तर तिचा पेड बारीक होतो, तेवढ्यात शेजारच्या वाहिनीवर फुटबॉलचा सामना रंगला तर त्याचा जाड होतो.

म्हणून 'बहुपेडी प्रवाह' असा शब्द सुचवायचा मोह मला झाला होता. आवरला. पारिभाषिक शब्द कानाला गोड लागला म्हणून रुजत नाही, आणि 'बहुपेडी' वाचून कुणीतरी केशभूषेचं पान उघडेल. त्यापेक्षा पहिल्यांदा येईल तिथे सरळ खुलासा करा: 'एकाच पट्ट्यातून जाणाऱ्या कार्यक्रमांचा गठ्ठा, म्हणजे मल्टिप्लेक्स'. पुढे 'गठ्ठा' म्हणा किंवा मल्टिप्लेक्सच ठेवा. तिथले तंत्रज्ञ आपसात नुसतं 'मक्स' म्हणतात. संवाद असतील तर तेही चालेल.

'भूस्थित'बद्दल संपादकांनी काही म्हटलेलं नाही, पण मी म्हणतो. तो शब्द काढा. आपल्याकडे 'भूस्थिर' हा शब्द उपग्रहाला लागतो, आणि भूस्थिर उपग्रहावरून येणारा टीव्ही ही याच्या नेमकी उलट गोष्ट. 'त'च्या जागी आलेल्या एका 'र'नं वाचक जमिनीवरून थेट ३६ हजार किलोमीटर वर जाईल. ('वाहिनी'चा काना हरवला की काय होतं ते मराठी वर्तमानपत्रांच्या मुद्रितशोधकांना विचारा. 'नव्या वहिनीचं आगमन' हा मथळा मी स्वतः एकदा जाऊ देता देता वाचलो आहे.) साधं 'अँटेनावर दिसणारं डिजिटल प्रक्षेपण' लिहा. थोडं लांब आहे, पण डीटीएचच्या छत्रीपासून ते चटकन वेगळं पडतं, आणि गच्चीवरचा काड्यांचा अँटेना अजून पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आहे. आपल्या दूरदर्शननंही २०१६ मध्ये मुंबईसह काही शहरांत असं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं, पण तोवर बहुतेक घरांतली केबल किंवा छत्री पक्की झाली होती. त्यामुळे त्यासाठी बोलीतला शब्द घडायची वेळच आली नाही.

'चॅनेल' की 'वाहिनी' याबद्दल माझा आग्रह नाही. घरात कुणीही 'वाहिनी लाव' म्हणत नाही, 'चॅनेल बदल' म्हणतात. छापील मजकुरात 'वाहिनी' रुळली आहे, तर तिला फक्त कार्यक्रमांच्या बाजूला ठेवा, वाहणाऱ्या अर्थानं. वाहून नेणाऱ्याला 'पट्टा' म्हणा. ही दोन कामं एकदा वाटून दिली की लेखभर कुठे अडखळायला होणार नाही.

तर तुमचं वाक्य असं करून पाहा: 'अँटेनावरच्या डिजिटल प्रक्षेपणाला सुरुवातीला सहाच पट्टे मिळाले होते आणि त्यांत थोड्याच वाहिन्या मावत होत्या.' समासात पुन्हा गोल आलाच, तर तो बहुधा 'पट्ट्यांत' हवं की 'त्यांत' चालेल यावर असेल. 'त्यांत' चालेल.