मामांची अर्धी बैठक

प्रश्न : आमचे मामा (माझे सासरे) ७१ वर्षांचे आहेत. वडगावात घरालगतच आमचे यंत्रमाग होते, तीन वर्षांमागं विकले. तेव्हापासून मामांची खुर्ची आणि टीव्ही. उठताना दोन्ही हातांनी रेटा देतात, गुडघे दुखतात म्हणतात. व्यायामाचं काढलं की 'गोवऱ्या मसणात गेल्या माझ्या' हे उत्तर. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात दोनदा फिरायला नेलं, तर बाकावर बसून राहिले. तरुणपणी तालमीत जायचे, ते मात्र माझ्या सातवीतल्या मुलाला रोज ऐकवतात. काय करू?
– एक सून, वडगाव

उत्तर : ताई, औषध तुमच्याच पत्रात आहे. तालीम! फिरणं तूर्त राहू दे. रेटा दिल्याशिवाय उठता येत नाही, म्हणजे मांड्यांतली ताकद गेलीय. असा माणूस डेपोत जाऊन बाकच शोधणार. दिवसभर या मागाकडून त्या मागाकडं हिंडणारे पाय एकदम बसले. गुडघा दुखतो म्हणून बसायचं, बसून मांडी सुकते, मग गुडघा जास्तच दुखतो.

हातांची, जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवा. प्लॅस्टिकची नको. पावलं जमिनीवर पक्की, थोडं पुढं वाकून उठायचं आणि धपकन न बसता सावकाश बसायचं. श्वास रोखायचा नाही. आधी हात टेकले तरी चालेल. पाच वेळा, जमलं की दहा, आठवड्यातून तीन दिवस. नंतर ओट्याला धरून टाचा उचलायच्या, तोल सावरायला. खुर्चीवरच्या या उठबशीला 'अर्धी बैठक' म्हणा. आणि तुम्ही शिकवू नका. सुनेकडून धडे घेणारा सासरा मी अजून पाहिला नाही. मामांनाच नातवाला बैठका शिकवू देत. पोरगं पूर्ण मारेल, मामा अर्धी.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालण्यासारखी हालचाल सांगते, आणि निदान तीन दिवस तोल व ताकदीचा व्यायाम. पहिलं सगळ्यांना पाठ, दुसऱ्याचं कुणी नाव काढत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट, पण माझ्या बाबांना दिलेला व्यायामाचा छापील तक्ता खानापूरच्या घरी पिठाच्या डब्याखाली सापडला. आईनं दुधाचा रतीब बंद केला, तेव्हा बाबा रोज डेअरीपर्यंत जाऊन यायला लागले. तुम्हीही पाण्याचा तांब्या मामांच्या हातात नेऊन देणं थांबवा. शेजारीपाजारी बोलतील, बोलू देत.

छातीत दुखत असेल, जरा चाललं की दम लागत असेल किंवा गुडघा सुजून गरम झाला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बीपीची गोळी चालू असेल तर उठल्यावर क्षणभर खुर्चीला धरून उभं राहायचं. डेपोचं पाऊस सरल्यावर बघू. आपल्याकडं तोवर अंगणातसुद्धा शेवाळ असतं. मामांच्या झिजलेल्या रबरी स्लिपर असतील, तर त्या आजच टाका.