चूर्णाने पोट साफ होतंय म्हणून तपासणी लांबवू नका

वडील 56 वर्षांचे, चार महिने बद्धकोष्ठ, अधूनमधून शौचातून रक्त, पण चूर्णाने बरं वाटतंय; तर याहून चांगलं चूर्ण कोणतं, असं तुम्ही विचारलंय. मी चूर्णाचं नाव सांगणार नाही. याच आठवड्यात त्यांना सर्जनला दाखवा.

आमच्या तात्यांचं अगदी असंच झालं. घर कोल्हापूरला शाहूपुरीत, पहाटे रंकाळ्याला फेरी चुकायची नाही. पोट साफ होईना म्हणून रात्री कोमट पाण्यातून चमचाभर चूर्ण सुरू केलं. सकाळी मोकळं व्हायचं. रक्त दिसलं की म्हणायचे, "तांबडा रस्सा बाधला, मूळव्याध आहे जुनी." आम्हीही माना डोलावल्या. आठ महिने गेले. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 7, म्हणजे फारच कमी.

कोलोनोस्कोपीनंतर, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून तपासल्यावर, डॉक्टरांनी मला फोटो दाखवले. आतड्याचं अस्तर गुलाबी असतं, ते काळपट पडलं होतं. चूर्णात सोनामुखी होती. ती महिनोन्‌महिने घेतली की असा रंग चढतो, बंद केली की हळूहळू उतरतो. त्या काळपटपणात एक गाठ तेवढी फिकट, उठून दिसत होती. गाठीवर तो रंग चढत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कॅन्सर निघाला.

सोनामुखी आतड्याला डिवचते, मल पुढे सरकतो. तो अडत का होता, हे मात्र तसंच राहतं. चूर्णाने कॅन्सर झाला असं मी म्हणत नाही, पण आम्ही आठ महिने निर्धास्त राहिलो ते त्याच्यामुळे.

आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही. रक्त पडतंय म्हटल्यावर चांगला वैद्यही आधी तपासणीच करायला सांगेल. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या तर आणखी वाईट. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. त्याने दुखणं जातं, तापही दबतो. घरात कुणी त्या घेत असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

जाताना चूर्णाचा डबा सोबत न्या. गुदद्वाराची बोटाने तपासणी मिनिटभराची असते. वडील संकोचतील, तुम्ही बाहेर थांबा. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. आणि मूळव्याध निघाली तरी तेवढ्यावर परत येऊ नका, पुढची तपासणी लागेल का ते विचारा. तात्यांना दोन्ही होतं.