एका जागी टिकून तर बघ

प्रिय पोरा,

‘काका, इथेच राहिलो तर आयुष्यभर बारा वर्षांखालच्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधत बसेन,’ असं लिहिलंस. बांध की मग! अठराव्या वर्षी तुझ्या तेव्हाच्या क्लबने खेळाडू म्हणून तुला सोडलं तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिलाय. पण त्याचं सांत्वन आता पुरे. आमच्याकडे पोरांचा फुटबॉल कोच म्हणून आलास, आणि चार महिन्यांत आमचा क्लब तुला लहान वाटायला लागला, मोठ्या अकादमीचा ट्रॅकसूट खुणावायला लागला, म्हणून हे लिहितोय.

गॅरेथ एन्सवर्थ तुला ठाऊक आहे तो लांब केसांचा, बँडमध्ये गाणारा मॅनेजर म्हणून. त्याआधी तो उजव्या बाजूचा मिडफिल्डर होता. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा पोरगा, तिथल्याच क्लबात शिकाऊ, पण पहिल्या संघापर्यंत पोचला नाही. मग नॉर्थविच, प्रेस्टन, केंब्रिज, लिंकन, पोर्ट व्हेल. १९९८ मध्ये विम्बल्डन फुटबॉल क्लबने त्याच्यासाठी वीस लाख पौंड मोजले, प्रीमियर लीग मिळाली आणि दुखापतींनी ती खाल्ली.

तू म्हणशील, हा तर दहा दारं फिरलेला, याचं उदाहरण कसलं देता? अरे, खेळाडूला फिरावंच लागतं, करार संपला की बिऱ्हाड हलतं. मी कोचबद्दल बोलतोय. सप्टेंबर २०१२ मध्ये विकम या छोट्या इंग्लिश क्लबने त्याला मॅनेजर म्हणून तात्पुरतं बसवलं, तेव्हा तो त्यांचा खेळाडूच होता. क्लब प्रेक्षकांच्या ट्रस्टचा, तिजोरीत खडखडाट. मे २०१४ मध्ये शेवटच्या सामन्याआधी ते लीग टूच्या, म्हणजे चौथ्या पातळीच्या, शेवटच्या दोघांत, लीगबाहेर फेकले जायच्या बेतात. टॉर्कीला जाऊन ३-० जिंकले, तिकडे ब्रिस्टल रोव्हर्स घरच्या मैदानावर मॅन्सफील्डकडून हरले, आणि निव्वळ गोलफरकावर विकम वाचलं. दुसऱ्या कुठल्या क्लबाने अशा मॅनेजरला त्याच आठवड्यात नारळ दिला असता. ट्रस्टने ठेवला. तोही टिकला. पुढच्या वर्षी वेंबलीला, वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या अगदी शेवटी साउथएंडने बरोबरी साधली आणि पेनल्टीवर हरवलं. तरी टिकला. २०१८ ला लीग वन, म्हणजे तिसरी पातळी. २०२० ला रिकाम्या वेंबलीत ऑक्सफर्डवर २-१, आणि १८८७ साली स्थापन झालेला क्लब प्रथमच चॅम्पियनशिपमध्ये, प्रीमियर लीगच्या एकच पायरी खाली. वर्षभरात एका गुणाने खाली आला. तरी टिकला!

फेब्रुवारी २०२३ मध्ये तो लंडनच्या क्यूपीआर क्लबला गेला आणि ऑक्टोबरात त्यांनी काढलं, हे मला शिकवू नकोस. तो गेला तो दहा वर्षांनी, आणि स्वतः सात वर्षं खेळलेल्या क्लबात. तू चार महिन्यांनी निघालायस.

चार महिन्यांत तुला दिसतं काय? तो आपला डाव्या पायाचा लुकडा पोरगा तुझ्या वहीत ‘संथ’ आहे. पुढच्या दोन वर्षांत तो एकदम वाढेल, पाय त्याचं ऐकेनासे होतील, साधा पास चुकेल. त्याची आई विचारेल, याला टेनिसला घालू का? तेव्हा तो आधी कसा खेळायचा हे पाहिलेलं माणूस मैदानाशेजारी असावं लागतं. ते कोचिंग लायसन्सच्या कोर्समध्ये मिळत नाही. टिकावं लागतं.

मलाही एका अकादमीतून विचारणा झाली होती. नाही गेलो. माझ्याबरोबरचे गेले, आज त्यांच्याकडे यूएफाचं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचं, ए लायसन्स आहे, माझं गाडं त्याखालच्या बीवरच अडलंय. सलतं ते, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्यातल्या एकाने तरी एखादा पोरगा नऊपासून अठरापर्यंत पाहिलाय का? मी पाहिलेत. तुलाच पाहिलंय. तुझी काकू याला माझा आळस म्हणते. म्हणू दे.

कोर्स कर, बी लायसन्सचा अर्ज भर, फीचं मी कमिटीशी बोलतो. नॉन-लीगमधला, लीग टूच्याही खालचा, तुझा खेळ सोडू नकोस, मिडफिल्डमध्ये मार खाणाऱ्या कोचचं पोरं ऐकतात. पण हा सीझन पूर्ण कर, आणि त्याच्या पुढचाही.

अकादमीला शुक्रवारपर्यंत कळवायचंय ना? त्याआधी फोन कर. आठनंतर कर, तोवर मी मैदानावर असतो.

तुझा,
काका