वाचकांचे प्रश्न : घड्याळाचे ठोके आणि प्रोसेसरचे काम

प्रश्न : माझ्या बारा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपचा प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झचा आहे, तर नव्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात २.१ गिगाहर्ट्झ असे छापले आहे. तरीही तीच मोठी स्प्रेडशीट लॅपटॉपवर कितीतरी लवकर उघडते आणि तिच्यातील आकडेमोडही झटकन उरकते. गिगाहर्ट्झ जास्त म्हणजे वेग जास्त, हा समज चुकीचा आहे का?

उत्तर : समज अर्धा बरोबर आहे. प्रोसेसरमध्ये ठरावीक लयीत चालू-बंद होणारा एक विद्युत संकेत असतो, त्याला क्लॉक म्हणतात, आणि सेकंदाला त्याची किती आवर्तने होतात हे हर्ट्झमध्ये मोजतात. ३.६ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्याला आतील काम एक पाऊल पुढे सरकते. पण त्या एका पावलात किती काम उरकते, याबद्दल हा आकडा चकार शब्द काढत नाही.

गुणाकाराचेच उदाहरण घ्या. १९७८ साली आलेल्या इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरला १६ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार करायला सुमारे १२० ठोके लागत, आणि त्याचा क्लॉक होता ५ मेगाहर्ट्झ. म्हणजे एका गुणाकाराला सुमारे २४ मायक्रोसेकंद. आजच्या प्रोसेसरवर ६४ बिटांच्या संख्यांचा गुणाकार तीन ठोक्यांत होतो, आणि क्लॉक ५ गिगाहर्ट्झ धरला तर त्याला ०.६ नॅनोसेकंद लागतो. वेग ४० हजार पटींनी वाढला. त्यातला हजारपट वाटा क्लॉकचा, पण उरलेला चाळीसपट वाटा निव्वळ रचनेचा आहे. शिवाय पहिला गुणाकार संपण्याची वाट न पाहता पुढच्याच ठोक्याला दुसरा सुरू करता येतो आणि शेजारी बेरजाही चालू असतात, ही आणखी वेगळी कमाई.

ही गोष्ट बाजूला ठेवून केवळ आकड्यामागे धावण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. २००० सालच्या अखेरीस इंटेलने पेंटियम ४ आणला, तेव्हा प्रत्येक सूचनेचे काम २० छोट्या टप्प्यांत वाटलेले होते. २००४ च्या आवृत्तीत हे टप्पे ३१ झाले. टप्पा जितका छोटा, तितका ठोका जलद देता येतो. पण प्रोग्रॅममध्ये जागोजागी ‘असे असेल तर इकडे, नाहीतर तिकडे’ अशी वळणे असतात, आणि कोणत्या बाजूला जायचे याचा अंदाज बांधून प्रोसेसर पुढचे काम आधीच हाती घेतो. अंदाज चुकला की रांगेतील अर्धवट काम टाकून द्यावे लागते, आणि रांग जितकी लांब तितके नुकसान मोठे. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलला ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द करावा लागला. २००६ मध्ये आलेला कोअर २ ड्युओ २.४ गिगाहर्ट्झवर चालूनही ३.६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला सहज मागे टाकत असे. आपला अनुभव त्याच जातीचा आहे.

स्प्रेडशीट लवकर उघडते, त्याचे सगळे श्रेय मात्र प्रोसेसरला देऊ नये. ३ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्याच्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो. मुख्य मेमरीतून माहिती यायला साधारण ८० नॅनोसेकंद, म्हणजे २४० ठोके लागतात. म्हणून तर प्रोसेसरच्या पोटातच कॅश नावाची लहान, चपळ मेमरी ठेवतात. आपल्या डेस्कटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्यावरील माहिती शोधायला एका वेळी १० मिलिसेकंदही लागू शकतात, आणि तेवढ्यात ३.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३ कोटी ६० लाख ठोके हातावर हात धरून बसलेला असतो. माझ्या मते, फाइल उघडण्यातला मोठा फरक लॅपटॉपमधील एसएसडीचा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या साठवणुकीचा असावा आणि आकडेमोडीतला फरक प्रोसेसरचा.

प्रश्न : माहितीपत्रकात ‘२.१, कमाल ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत’ असे लिहिले आहे. यातला खरा आकडा कोणता? मोठा व्हिडिओ तयार करायला लावला की पहिली काही मिनिटे काम झपाट्याने होते आणि मग मंदावते, याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर : थेट संबंध आहे. ‘पर्यंत’ या शब्दात सगळी मेख आहे. मोठा आकडा बहुधा एखाददुसऱ्या कोअरला (प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे असे अनेक भाग असतात, त्यांतल्या प्रत्येकाला कोअर म्हणतात), थोड्या वेळापुरता आणि प्रोसेसर थंड असताना गाठता येतो. क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि विजेचा खप क्लॉकच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे शेवटचे थोडेसे गिगाहर्ट्झ फार महाग पडतात. पातळ लॅपटॉपला ती उष्णता बाहेर टाकता येत नाही, तेव्हा प्रोसेसर स्वतःहून ठोके कमी करतो. हा बिघाड नव्हे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या विभागात चालू घडीचा वेग दिसतो. व्हिडिओचे काम चालू असताना तिथे नजर ठेवल्यास आकडा उतरताना दिसेल. हवा जाण्याची जाळी धुळीने बुजली असेल, तर तो आणखी लवकर उतरतो.

प्रश्न : मग कोअर जास्त असलेला प्रोसेसर घ्यावा की गिगाहर्ट्झ जास्त असलेला?

उत्तर : दोन प्रोसेसर एकाच मालिकेचे आणि एकाच पिढीचे असतील, तरच त्यांच्या गिगाहर्ट्झची तुलना करावी. कोअरचे म्हणाल, तर व्हिडिओसारखे तुकड्यांत वाटता येणारे काम जास्त कोअरवर खरोखर लवकर होते. मात्र संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब विसरू नये : निम्मे काम एकापाठोपाठ एकच करावे लागत असेल, तर कितीही कोअर लावले तरी एकूण वेग दुपटीपलीकडे जात नाही. ज्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक ओळीचे उत्तर आधीच्या ओळीवर अवलंबून असते, तिला सोळा कोअर देऊनही त्यांतले पंधरा बसूनच राहतील.