गाणं ऐकून काय वाटेल, हे संगणकाला कसं कळावं?

प्रश्न : कॅसेटवरून उतरवलेली सुमारे ४०० भावगीतं माझ्याकडे आहेत. ऐकणाऱ्याच्या मनात कोणता भाव उमटेल, त्यानुसार ती लावायची म्हणून 'डीम' या, श्रोत्यांनी भावांचे गुण दिलेल्या गाण्यांच्या खुल्या संग्रहावर शिकवलेलं तयार संगणकी मॉडेल वापरलं. संथ चालीचं जवळजवळ प्रत्येक गाणं ते 'उदास' ठरवतं, अगदी अंगाईसुद्धा. चूक कुठे होते?

उत्तर : मॉडेलचे दोन आकडे वेगळे पाहा. उत्तेजना म्हणजे भाव किती शांत किंवा उसळता. प्रसन्नता म्हणजे तो किती सुखद. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये मांडलेली ही परिमाणं. उत्तेजना बरीचशी आवाजातच असते : पातळी, लय, नादाची धार. प्रसन्नता शब्दांत आणि आठवणींतही असते, म्हणून ती हाती लागत नाही. तैवानमध्ये २००८ साली १९५ गाण्यांवर झालेल्या प्रयोगात श्रोत्यांच्या उत्तेजनेतला ५८ टक्के फरक संगणकाला उलगडला, प्रसन्नतेतला जेमतेम २८ टक्के. अंगाई शांत आहे हे तुमच्या मॉडेलनं बहुधा बरोबर ओळखलंय. घसरलंय ते प्रसन्नतेवर. शिवाय डीमचे १८०२ नमुने मुख्यतः पाश्चात्त्य धाटणीचे.

कॅसेटची खरखरही फसवते. ती वरच्या कंपनांत भर घालते आणि नाद उगाच 'तेजस्वी' मोजला जातो. सगळ्या फाइली सेकंदाला १६,००० नमुने या दरावर आणा, म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गळून पडेल. आवाजाची पातळी उणे २३ लफ्सवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) सारखी करा.

खरा उपाय मात्र स्वतःचे श्रोते. प्रत्येक गाण्यातला ३०–४५ सेकंदांचा तुकडा किमान पाच-सहा जणांना ऐकवा. प्रश्न नेमका विचारा. 'गाणं दुःखी आहे का?' आणि 'ऐकून तुम्हाला काय वाटलं?' यांची उत्तरं एक नसतात. विरहगीत ऐकून माणूस सुखावतो. तुम्हाला दुसरा प्रश्न हवा आहे. त्यासाठी २००८ मधली जिनिव्हाची नऊ भावांची मोजपट्टी आम्हाला जास्त योग्य वाटते : तिच्यात शांतता, कोमलता आणि जुन्या आठवणींची हुरहूरही आहे, जी भावगीतांत सुख-दुःखाच्या रेषेवर कुठेच बसत नाही. कुणी सढळ हातानं गुण देतो, कुणी कंजूषपणे. म्हणून प्रत्येकाच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करून घ्या.

या गुणांवर मॉडेल पुन्हा शिकवून चाचणी घेताना एकाच गायकाची गाणी शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे ठेवू नका. मॉडेल भाव न शिकता गळा ओळखायला शिकतं आणि निकाल खोटा चांगला दिसतो. सायकिट-लर्न या मॉडेल शिकवण्याच्या पायथन संचातलं, गटवार विभागणी करणारं 'ग्रुप-के-फोल्ड' यासाठीच आहे.

प्रश्न : ख्यालाच्या आलापाला लिब्रोसा हे ध्वनी तपासणारं सॉफ्टवेअर मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपासची लय दाखवतं. असं का?

उत्तर : त्याचा ठोके शोधणारा भाग मिनिटाला १२० या गृहीतकापासूनच सुरू होतो, ठेका नसला तरी तो काहीतरी शोधून देतो. आलापासाठी तो आकडा टाकून द्या आणि सेकंदाला किती नवे स्वर सुरू होतात ते मोजा. मेजर-मायनर हे पाश्चात्त्य संगीतातले दोन स्वरसाचे ओळखणारा भागही बंद ठेवा : तानपुऱ्यातले षड्ज-पंचम सतत वाजत असल्यानं तो चकतो, आणि दोनच साच्यांत राग मावत नाहीत. एसेन्शिया या ध्वनी तपासणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, भारतीय संगीतासाठीच्या साधनानं आधी गायकाचा षड्ज काढा, मग बारा स्वरांचा तक्ता (कोणता स्वर किती वाजतो याचा) असा फिरवा की 'सा' पहिल्या घरात येईल. हे न केल्यास काळी एक आणि पांढरी चारमध्ये गायलेला एकच राग संगणकाला दोन वेगळे वाटतात.